कोण कुठे राहतं? सामाजिक भूगोलाविषयी तुमचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात कॉलेजच्या मुलामुलींची पत्रं जास्त आहेत. सामाजिक भूगोलाचा पेपर अभ्यासाला लागला आणि अनेकजण गोंधळले आहेत, हे पत्रांतून दिसतंय. चिपळूण आणि साताऱ्यात निवृत्तीपर्यंत मी हाच विषय शिकवला आणि तो माझ्या फार जवळचा आहे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : बाई, डोंगर, नद्या, मान्सून आवडतात म्हणून मी बी.ए.ला भूगोल घेतला. सामाजिक भूगोलात मात्र जात, धर्म, भाषा, स्थलांतर असंच शिकवतात. हे समाजशास्त्रात नको का? यात भूगोल कुठे आहे?
(प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, दहिवडी)

तू दहिवडीची, म्हणजे माणदेशातली. मीही तिथलीच. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गावाचंच उदाहरण घेऊ. मधोमध पांढरी, म्हणजे गावठाण. तिथे चावडी, देऊळ, पार, पाटलाचा वाडा. भोवती काळी, म्हणजे शेतजमीन. वेशीबाहेर, पुष्कळदा ओढ्याच्या खालच्या अंगाला, जुना महारवाडा. मांगवाडा आणखी वेगळा. आता समाजशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल की या लोकांचे एकमेकांशी संबंध कसे आहेत. तू भूगोलाची आहेस, तेव्हा तू विचारायचं ते असं: ही घरं नेमकी इथेच का? ओढ्याच्या वरच्या अंगाला का नाहीत? वरच्या वस्तीनं वापरून सोडलेलं पाणी कुणाच्या दारावरून जातं? पावसाळ्यात आधी कुणाच्या घरात पाणी शिरतं? उतार, ओढा, पूर हे तुझे आवडते विषय इथेही आहेतच. फक्त त्या उतारावर कुणी कुठे राहायचं हे माणसांनी ठरवलंय.

कोकणात गेलीस तर चित्र बदलतं. तिथे असं घट्ट गावठाण सहसा सापडत नाही. डोंगर आणि खाडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाड्या पसरलेल्या असतात, वाटेच्या कडेनं लांबत गेलेल्या. दख्खनचं दाटीचं गाव आणि कोकणातलं लांबट गाव यांतला हा फरक इरावती कर्वे यांनी फार बारकाईनं टिपला होता. मात्र वाड्यांची नावं वाच: कुणबीवाडी, ब्राह्मणवाडी, बौद्धवाडी. जमीन वेगळी, पाऊस वेगळा, घरांची मांडणी वेगळी. वाटणी मात्र तीच.

'अंतर' ही भूगोलातली मूळ कल्पना. आपण ते किलोमीटरमध्ये मोजायला शिकतो. महाडचं चवदार तळं तिथल्या दलित वस्तीपासून काही कोसांवर नव्हतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांनी बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा तो ठराव होता. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी कुणाला तिथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. मुंबई हायकोर्टाचा दलितांच्या बाजूनं निकाल यायला १९३७ उजाडलं. नकाशावर ते अंतर पाच-दहा मिनिटांचं होतं. पण माणूस कोण आहे त्यावर ते ठरत होतं आणि एका समाजासाठी ते पार करायला सगळी हयात पुरली नाही. हे अंतर मोजायला शिकणं म्हणजे सामाजिक भूगोल, असं मी पहिल्याच तासाला सांगत असे. आजही तेच सांगेन.

प्रश्न : सामाजिक भूगोलाचे जनक कोण? गाईडमध्ये एक नाव आहे, सरांनी दुसरं सांगितलं. परीक्षेत काय लिहू?
(विद्यार्थी, उदगीर)

एकच नाव लिहायचा आग्रह धरू नकोस. या विषयाला एक जनक नाही. 'सामाजिक भूगोल' हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच भूगोलकार एलिझे रक्ल्यू यांच्या लेखनात येतो. त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स बूथ हा व्यापारी गल्लीगल्लीतली माहिती गोळा करून गरिबीचा नकाशा करत होता. एकेक रस्ता त्यानं तिथल्या लोकांच्या परिस्थितीप्रमाणे वेगळ्या रंगात रंगवला. १८८९ साली तो नकाशा छापून आला, तेव्हा श्रीमंत रस्त्याच्या मागच्याच बोळात किती हलाखी आहे हे लोकांना पहिल्यांदा एका नजरेत दिसलं. तो नकाशा आज इंटरनेटवर पाहता येतो. जरूर पाहा, गाईडच्या दहा पानांनी होणार नाही ते त्या एका नकाशानं होईल.

पुढे १९२० च्या दशकात शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी शहराचा अभ्यास केला. १९७० नंतर भूगोलकार डेव्हिड हार्वे यांनी विचारलं की शहरातला अन्याय नुसता मोजून थांबायचं, की तो कशामुळे तयार होतो हेही सांगायचं. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मूनिस रझा आणि ऐजाजुद्दीन अहमद यांनी जात, जमात, भाषा, धर्म यांचं भौगोलिक वितरण हा अभ्यासाचा गंभीर विषय केला. उत्तरपत्रिकेत हा प्रवास पाच-सहा वाक्यांत लिही. चांगला परीक्षक एका नावापेक्षा त्याला जास्त गुण देईल.

प्रश्न : २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. महाराष्ट्राचा आकडा ९२९. आमच्या बीडमध्ये तर शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. याचा अर्थ कोकणात बायकांना मान आहे आणि आमच्याकडे नाही, असा घ्यायचा का? वर्गात यावरून भांडण झालं.
(विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

भांडण झालं हे चांगलंच झालं. वर्गात आकडे नुसते पाठ होण्यापेक्षा त्यावर वाद झालेला मला आवडतो. आता हे दोन आकडे वेगवेगळे घेऊ, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

रत्नागिरीत बायका जास्त आहेत, कारण पुरुष तिथे नाहीत. ते मुंबईत आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हापासून कोकणातला बाप्या मुंबईला जातो आणि घर, शेत, म्हातारी माणसं, गुरं बाईच्या अंगावर पडतात. जांभ्याच्या कातळावर पीक थोडं, खाचरं लहान, वाटे पडून पडून आणखी लहान झालेली. पाऊस भरपूर, पण पाणी वाहून समुद्राला मिळणारं. म्हणून मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा अशी त्याची ओळख झाली. चिपळूणला शिकवत असताना माझ्या वर्गात अशा कितीतरी मुली होत्या ज्यांना वडील गणपतीत आणि शिमग्यातच भेटायचे. दुसरं टोक मुंबई शहर जिल्ह्यात सापडतं: तिथे हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया. रत्नागिरीचे ११२२ आणि मुंबईचे ८३२ ही एकाच घराची दोन दारं आहेत. आणखी एक गोष्ट पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची जवळजवळ १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. आता एकटा पुरुष जात नाही, कुटुंबच जातं, मुलांच्या शाळेसाठी जातं. वाड्यांमध्ये कुलपं वाढली आहेत. तेव्हा ११२२ या आकड्यावरून बाईला मान आहे असं म्हणता येत नाही. ती एकटीनं खूप काम ओढते, एवढं मात्र नक्की म्हणता येतं. लहान मुलांचा आकडा पाहिलास तर रत्नागिरीतही मुली हजाराच्या आतच आहेत.

बीडच्या ८०७ चं कारण स्थलांतरात सापडणार नाही. चार वर्षांची मुलगी कामाला परगावी जात नाही. शिवाय तुमच्याकडचं मोठं स्थलांतर ऊसतोडीचं आणि त्यात नवरा-बायको जोडीनं जातात. 'एक कोयता' म्हणजेच एक जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटाच्या कोरड्या तालुक्यांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. (जाता जाता: २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन हंगामात. ही माणसं तेव्हा फडावर होती. तुमच्या जिल्ह्याचा कुठलाही आकडा वापरताना हे डोक्यात ठेव.)

मग मुली गेल्या कुठे? त्या जन्मू दिल्या नाहीत. हे वाक्य मी सौम्य करून लिहिणार नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्यानं केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला, तरी २०११ चा आकडा हा असा. तुमच्या वर्गात कुणी म्हणालं असेल की हे गरिबीमुळे किंवा अडाणीपणामुळे होतं. त्याला नकाशा दाखव. गडचिरोली गरीब आहे, आदिवासी आहे, साक्षरतेत मागे आहे आणि तिथे हजार मुलग्यांमागे मुली ९५० च्या वर आहेत. सांगली-कोल्हापूर बागायती आहेत, शिकलेले आहेत, गावागावात दवाखाने आहेत आणि तिथे त्या ९०० च्या खाली आहेत. सोनोग्राफीचं मशीन जिथे पोचलं, पैसा जिथे होता, जमिनीला वारस आणि लग्नाला हुंडा हा हिशेब जिथे पक्का होता, तिथे मुली कमी झाल्या. म्हणून बीडवर बोट ठेवून बाकीच्या जिल्ह्यांना सुटता येणार नाही.

पुढच्या तासाला दोन्ही आकड्यांचे जिल्हावार नकाशे शेजारी शेजारी लावा, एक एकूण लोकसंख्येचा आणि एक लहान मुलांचा. दोन्ही नकाशे वेगळे दिसतील आणि तुमचं भांडण पुढे सरकेल.

प्रश्न : बर्जेसचा समकेंद्री वलय सिद्धांत पाठ केला, पण आमच्या मुंबईला तो लावायला गेलो की काहीच जुळत नाही. सिद्धांत चुकीचा की मुंबई?
(द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, डोंबिवली)

मुंबई चुकीची कशी असेल? अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ साली शिकागो समोर ठेवून ती वलयं काढली: मधे व्यापारी केंद्र, त्याभोवती पडझडीचा संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या घरांची वस्ती आणि कडेला रोज ये-जा करणारे. बाहेरून आलेला माणूस मधल्या स्वस्त पट्ट्यात उतरतो आणि हातात चार पैसे आले की बाहेरच्या वलयात जातो, ही त्यामागची कल्पना. खुद्द शिकागोच्या पूर्वेला मिशिगन सरोवर आहे, त्यामुळे तिथेही वलयं अर्धीच. पुढे १९३९ मध्ये हॉइट यांनी वलयांऐवजी वृत्तखंड, म्हणजे केंद्रापासून कडेला जाणारे पाचरीसारखे पट्टे, सुचवले, १९४५ मध्ये हॅरिस आणि उलमन यांनी अनेक केंद्रं. हे सगळे अमेरिकन शहरांकडे पाहून बोलत होते. आपण ते प्रश्न म्हणून वापरायचे.

आता मुंबई बघ. केंद्र मधे नाहीच, ते दक्षिणेच्या टोकाला, कोटात (म्हणजे फोर्टात) आणि बंदरात. तीन बाजूंना पाणी, वाढायला एकच दिशा: उत्तर. श्रीमंत माणूस शहराच्या कडेला गेला नाही, तो कोटापासून जवळ मलबार हिलवर चढला. वस्ती ठरली ती पैशाइतकीच समाजावरून: दादरला गेलास तर हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही नावं अजून पाट्यांवर आहेत. या आखीव वस्त्यांच्या मागे प्लेग आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, जुन्या दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले, दादर-माटुंगा-वडाळ्याला नवी आखणी झाली. जी घरं पडली त्यांतले गरीब सगळेच काही नव्या आखीव वस्तीत गेले नाहीत.

आणि मधे परळ, लालबाग, वरळी, नायगाव: गिरणगाव. माझे काका लालबागला गावाच्या खोलीत राहायचे. त्या खोलीत एकाच गावची माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जायची. भिंतीला ट्रंका, जेवण खानावळवाल्या बाईकडे. आमच्याच भागातल्या, नवऱ्यानं टाकलेल्या आणि विधवेसारखं जगणाऱ्या एका बाईनं तिथे खानावळ चालवून दोन मुलं शिकवली. ही खोली बर्जेसच्या कुठल्या वलयात बसवशील? ती मुंबईत होती आणि तिचं अर्धं मन, तिची गावकी, तिचे वाद, तिच्या वर्गण्या सगळ्या माणदेशात होत्या. सरकारनं १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत कुटुंबं राहू लागली, १६० चौरस फुटांच्या खोलीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर कधी संपला नाही, गिरण्या मात्र संपल्या. आता पुढचा भाग नीट वाच, कारण सामाजिक भूगोल इथे नियमांच्या पुस्तकात शिरतो. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमात ढोबळमानानं तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. बहुतेक जमिनीवर शेड उभ्या होत्या, तेव्हा लोकांच्या वाट्याला किती राहिलं असेल ते समज. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला. एका दुरुस्तीनं हजारो कुटुंबं कुठे राहणार हे ठरलं. गिरणी कामगारांची मुलं बदलापूर, विरार, नालासोपारा आणि तुझ्या डोंबिवलीत गेली, आणि त्यांतली कितीतरी जणं रोज लोकलनं त्याच परळला येतात, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसात किंवा मॉलमध्ये कामाला. मला याचा राग आहे आणि तो मी वर्गातही लपवला नाही.

एक विसरू नकोस: सगळी माणसं भाड्याच्या हिशेबानं सरकत नाहीत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर ठाण्याजवळचं मुंब्रा झपाट्यानं वाढलं ते मुस्लिम कुटुंबं भीतीनं तिथे गेल्यामुळे. आजही आडनाव ऐकून घर नाकारलं जातं. भाडं परवडतं आणि तरी घर मिळत नाही, याला कुठल्याच वलयात उत्तर नाही. परीक्षेत सिद्धांत लिही, आकृती काढ आणि शेवटी मुंबईचं हे उदाहरण देऊन तो कुठे अपुरा पडतो ते लिही.

प्रश्न : मुलगी भूगोल घेऊन बी.ए. करतेय. या विषयात पुढे नोकरी आहे का?
(पालक, इस्लामपूर)

तुमची काळजी रास्त आहे. तिला पहिल्या वर्षापासूनच नकाशाचं सॉफ्टवेअर आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख करून घ्यायला सांगा. हे दोन्ही येणारी आणि माणसांशी नीट बोलू शकणारी मुलगी नगरनियोजन, सर्वेक्षण, आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन या कामांत उपयोगी पडते. मुंबईत देवनारला भारतीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथून चालतं आणि पुढचं शिक्षणही मिळतं. नेट-सेट, स्पर्धा परीक्षा या वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच. तिला हा विषय मनापासून आवडतो का, हे मात्र एकदा तिलाच विचारा.

प्रश्न : गावाच्या अभ्यासाचा प्रकल्प करायचा आहे. सर म्हणतात ५० जणांची प्रश्नावली भरून आण. मला आणखी काही करता येईल का?
(विद्यार्थी, मंगळवेढा)

सरांनी सांगितलंय ते कर, पण प्रश्नावली घेऊन आधी दारोदार जाऊ नकोस. आधी गाव पायी फिर आणि हातानं नकाशा काढ. प्रत्येक नळ, हातपंप, आड, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, एसटी थांबा, स्मशान त्यावर मांड. स्मशान मुद्दाम लिहितेय: कुणाचं वेगळं आहे, कुणाला आहेच का, तिथे जायला रस्ता आहे का, हे विचार. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तुझ्या गावात पाटी बदलली का आणि पाटीबरोबर गटार, दिवे, पक्का रस्ता यांत काय बदललं, तेही टिप.

मग एका दिवसाचं चालणं मोज. एकाच घरातला पुरुष, बाई, शाळेतली मुलगी आणि म्हातारी आजी दिवसभरात कुठे कुठे जातात, कशासाठी, किती वेळ लागतो, अंधार पडल्यावर कोण कुठपर्यंत जाऊ शकतं. चार रंगांत चार वाटा काढ. पारावर बसलेल्या माणसांना विचारून गावाची माहिती भरू नकोस. तिथे बसता येणारी माणसं ठरावीकच असतात. बायकांशी बोलायला वर्गातली मैत्रीण किंवा घरातली बहीण सोबत ने. पाण्याच्या वेळी जा, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नकोस.

जात कुणाला तोंडावर विचारू नकोस. वस्ती, आळी, शेताचा गट यांतून पुष्कळ कळतं, आणि ज्यांना सांगायचं असतं ते आपणहून सांगतात. कुणाचं नाव अहवालात घालू नकोस, कारण तू परीक्षा देऊन निघून जाशील आणि त्यांना तिथेच राहायचंय. कॉलेजात जमा करण्याआधी नकाशा वस्तीतल्या लोकांना दाखव. ते म्हणतील, हा नळ वर्षभर कोरडा आहे, ही वाट पावसात बंद असते, इथे आम्हाला बसू देत नाहीत. तेवढ्या दुरुस्त्या करूनच तो सरांना दे.